नाचायला कुणाची परवानगी लागते?

माझी भाची आठवीत आहे. तिच्या शाळेच्या गॅदरिंगसाठी आठ मुलींनी मिळून एक नाच बसवला होता. तीन आठवडे रोज संध्याकाळी आमच्या गच्चीवर प्रॅक्टिस. गाणं होतं बीटीएस या कोरियन पोरांच्या बँडचं, 'परमिशन टू डान्स'. शाळेत फॉर्म भरून द्यायचा असतो : गाण्याचं नाव, मुलींची नावं, ड्रेस कोणता. फॉर्म परत आला. लाल पेनाने लिहिलेलं, "गाणे बदलावे." पोरी विचारायला गेल्या तर उत्तर मिळालं, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही, आणि ती पोरं बायली दिसतात, असलं काही स्टेजवर नको.

भाची घरी येऊन म्हणाली, "मामा, गाण्याचं नावच परमिशन आहे आणि परमिशनच नाही मिळाली."

मी हसलो. ती हसली नाही.

बरं, त्याच गॅदरिंगला नववीच्या पोरांनी काळे गॉगल लावून दारूच्या गाण्यावर नाच केला. हातात कोल्ड्रिंकच्या बाटल्या. शिट्ट्या, टाळ्या, वन्स मोअर. पहिल्या रांगेतले पाहुणे मोबाइलवर शूटिंग करत होते. तिथे संस्कृतीला काही झालं नाही.

शाळेचं नाव मी सांगणार नाही, कमेंटमध्ये विचारू नका. एका शाळेचा हा प्रश्न नाहीच. दुसऱ्या दिवशी आमच्या गावच्या ग्रुपवर मी हे टाकलं तर पन्नासेक मेसेज आले आणि त्यातले निम्म्याहून जास्त शाळेच्या बाजूने. "बरोबर केलं." "या कोरियन भुतांनी पोरी बिघडवल्या." एकाने लगेच धाराशिवची बातमी टाकली. आठवत असेल तुम्हाला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या तीन शाळकरी मुलींनी आपलंच अपहरण झाल्याचा बनाव केला होता. पुण्याला जायचं, काम करून पैसे साठवायचे आणि कोरियाला जाऊन बीटीएसला भेटायचं, असा बेत. पोलिसांनी त्यांना सोलापूर जिल्ह्यातच गाठलं आणि मुली सुखरूप मिळाल्या. "बघा, म्हणून बंदी घाला," असं त्या गृहस्थांचं म्हणणं.

त्या बातमीकडे मी शेवटी येतोच. आधी ज्याच्यावर बंदी घालायची म्हणताय ते गाणं काय आहे ते तरी ऐका.

'परमिशन टू डान्स' आलं ९ जुलै २०२१ ला. करोनाचं दुसरं वर्ष. गाणाऱ्या सातही जणांची मातृभाषा कोरियन, गाणं मात्र अख्खं इंग्रजीत. लिहिणाऱ्या चौघांत इंग्लंडचा एड शीरन. अमेरिकेतल्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत ते थेट पहिल्या नंबरवर आलं आणि ज्या गाण्याला हटवून आलं ते यांचंच, 'बटर'. चाहते ठरवून डाउनलोड विकत घेतात म्हणून नंबर लागतो, अशी टीका तिकडे झाली आणि त्यात तथ्यही आहे.

गाणं म्हणून विचाराल तर माझ्या मते साधंच आहे. गोड चाल, सोपा ठेका, एकदा ऐकलं की तोंडात बसतं. आशय एवढाच की मन उदास असलं तरी ऊठ, नाच, कुणाला विचारत बसू नकोस. व्हिडिओत हॉटेलात काम करणारी बाई, साफसफाई करणारा माणूस, ऑफिसातली माणसं, शाळेतली पोरं, सगळे आपापल्या कामाच्या जागी नाचतात. जांभळे फुगे उडतात. शेवटी लोक तोंडावरचे मास्क काढतात. दारू नाही, शिवी नाही, कुणाच्या अंगाला हात नाही. आपल्या लग्नाच्या वरातीत डीजेवर जे वाजतं त्याच्यापुढे हे गाणं म्हणजे हरिपाठ आहे.

आता एक गोष्ट, जी लाल पेनवाल्यांना माहीत नसणार. मलाही नव्हती, भाचीने शिकवली. या नाचातल्या तीन खुणा आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषेतल्या आहेत, म्हणजे बहिरी माणसं हातांनी जी बोलतात ती. दोन्ही अंगठे बाहेर काढून बाकीची बोटं वाकवायची आणि हात अंगाशी वर-खाली हलवायचे : मजा. एका तळहातावर दुसऱ्या हाताची दोन बोटं नाचवायची : नाच. दोन बोटांचा व्ही : शांतता. गाणं आलं तेव्हा जगभरच्या बहिऱ्या लोकांनी आनंदाने त्याचे व्हिडिओ टाकले. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी जाहीर आभार मानले. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही नाचात जागा असावी, हे एका पॉप गाण्याला सुचलं. आपल्या किती गॅदरिंगना सुचलंय? आणि हाच नाच आठ मुली स्टेजवर करणार होत्या, मूकबधिर विद्यार्थ्यांबद्दल वर्षातून एकदा भाषण ठोकणाऱ्यांच्या समोर.

पुढे ऐका. २० सप्टेंबर २०२१. न्यूयॉर्क, संयुक्त राष्ट्रसंघ. ज्या आमसभेच्या हॉलमध्ये देशोदेशीचे पंतप्रधान बोलतात, तिथे या सात पोरांनी भाषण केलं. करोनात वाढलेल्या मुलांना हरवलेली पिढी म्हणू नका, बदलाला सामोरं जाणारी, त्याचं स्वागत करणारी पिढी म्हणा, असा त्यांचा सूर. आम्ही लस घेतली आहे हेही सांगितलं. आणि मग याच गाण्याचा व्हिडिओ दाखवला, जो त्याच इमारतीत चित्रित केला होता. आमसभेच्या व्यासपीठावरून सुरू होऊन नाचत नाचत बाहेर हिरवळीवर. त्यांच्यासोबत दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष मून जे-इन गेले होते. सरकारने त्यांना खास दूत नेमून राजनैतिक पासपोर्टही दिले होते.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत जे चालतं ते आमच्या तालुक्यातल्या पत्र्याच्या मंडपात चालत नाही. चालू द्या.

आता 'बायली' या शब्दाकडे येऊ. पोरांनी केस रंगवले, चेहऱ्याला क्रीम लावलं, नाचताना कंबर हलवली की आपल्याकडे हा शब्द तयार असतो. हा शब्द वापरणारे तुम्ही एकटे नाही. त्याच सप्टेंबर २०२१ मध्ये, संयुक्त राष्ट्रांतल्या भाषणाच्या काही दिवस आधी, चीनच्या सरकारने टीव्ही वाहिन्यांना फर्मान काढलं की बायकी दिसणाऱ्या पुरुषांना पडद्यावर थारा देऊ नका. फर्मानात जो शब्द वापरला तो आपल्या 'बायल्या'सारखाच, शिवी म्हणून वापरला जाणारा. एका बाजूला बहिऱ्यांना सोबत घेऊन नाचणारी पोरं आणि दुसऱ्या बाजूला पुरुषाने कसं दिसावं याचा सरकारी हुकूम. आपली शाळा यात कुठल्या बाजूला उभी राहिली ते तुम्हीच ठरवा.

ग्रुपवर एकाने लिहिलं, "असली पोरं लष्करात पाठवा म्हणजे सुधारतील." अहो काका, ती जाऊन आली. सातच्या सात. दक्षिण कोरियात धडधाकट पुरुषाला लष्करी सेवा सक्तीची आहे. सगळ्यात मोठा जिन डिसेंबर २०२२ मध्ये भरती झाला. मग एकेक करत बाकीचे. शुगाच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्याने सैन्याऐवजी सरकारी समाजसेवेत दिवस भरले. जून २०२५ मध्ये शेवटचा सुटला. लष्करात गेले म्हणून ते पुरुष ठरले असं मला म्हणायचं नाही, तो मापदंडच मला मान्य नाही. पण ज्यांना मान्य आहे त्यांनी निदान माहिती तरी घ्यावी.

आणि या लष्कराच्या गोष्टीत खरी मेख आहे. ती नीट सांगतो, कारण माझं म्हणणं तिथे आहे.

कोरियात ऑलिम्पिकचं कुठलंही पदक मिळवलं किंवा आशियाई खेळांत सुवर्ण मिळवलं तर नेहमीची लष्करी सेवा माफ होते. काही आठवड्यांचं प्रशिक्षण घ्यायचं आणि आपल्या क्षेत्रात काम करत राहायचं. फुटबॉलपटू सन ह्युंग-मिनला २०१८ च्या आशियाई सुवर्णपदकामुळे ही सवलत मिळाली. तीच सवलत ठरावीक स्पर्धा जिंकणाऱ्या पियानोवादकाला, व्हायोलिनवादकाला, बॅले नाचणाऱ्याला आहे. पॉप गाणाऱ्याला नाही. का? तर ती शास्त्रीय कला आणि हे धंद्याचं गाणं. हा नियम १९७३ चा, पार्क चुंग-ही या हुकूमशहाच्या काळातला. त्याच राजवटीत पोलीस रस्त्यावर पट्टी घेऊन मुलींचे स्कर्ट मोजायचे, पोरांचे लांब केस कापायचे, आणि १९७५ मध्ये कित्येक लोकप्रिय गाण्यांवर बंदी घातली गेली. म्हणजे कोणतं संगीत देशाचं आणि कोणतं वाया गेलेल्यांचं, हे ठरवणारा हात आणि कात्री धरणारा हात एकाच सरकारचा.

पन्नास वर्षांत तिकडे सगळं बदललं. लोकशाही आली, पॉप गाणी देशाची ओळख झाली. सरकार या सात जणांना संयुक्त राष्ट्रांत घेऊन गेलं. २०३० चं वर्ल्ड एक्स्पो बुसान शहराला मिळावं म्हणून १५ ऑक्टोबर २०२२ ला त्यांची बुसानमध्ये मोफत मैफल ठेवली. नियम मात्र तोच राहिला. संसदेने डिसेंबर २०२० मध्ये एवढंच केलं की असल्या कलावंतांना वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत भरती पुढे ढकलता येईल. सूट द्यायची की नाही यावर पुढारी दोन वर्षं नुसते बोलत राहिले. बुसानच्या मैफलीनंतर दोनच दिवसांनी कंपनीने जाहीर करून टाकलं की पोरं भरती होणार. एक्स्पो शेवटी रियाधला गेलं, ११९ विरुद्ध २९ मतांनी.

त्यांना सूट मिळायला हवी होती असं माझं मत नाही. शेतकऱ्याचा, दुकानदाराचा पोरगा दीड वर्ष देतो तर स्टारने का देऊ नये? खुद्द त्या पोरांनीही आम्ही जाणार असंच म्हटलं होतं. माझा आक्षेप वेगळा आहे. मिरवायचं असेल तेव्हा ही कला देशाची शान, आणि मान द्यायची वेळ आली की ही कलाच नव्हे. द्यायची तर सगळ्यांना द्या, नाहीतर पियानोवाल्यालाही बंदूक द्या.

हे वाचून "कोरियाचे लोक तसलेच" म्हणणार असाल तर थांबा. आपल्या राज्याने काय केलं आठवा. २००५ मध्ये महाराष्ट्र सरकारने डान्स बार बंद केले. पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना, क्लबांना सूट. म्हणजे तोच नाच, तीच दारू, बघणारा श्रीमंत असला की संस्कृती सुरक्षित आणि बघणारा साधा असला की बुडाली. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा कायदा रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते कायम ठेवलं. भेदभाव हे त्यातलं मुख्य कारण होतं. या सगळ्या वर्षांत त्या बायकांच्या पोटाचं काय झालं हे विचारायला कुणी गेलं नाही. लावणीचंही तेच. दिल्लीच्या चित्ररथावर लावणी ही महाराष्ट्राची शान. गावच्या जत्रेत नाचणाऱ्या बाईला मात्र वाड्यात खोली भाड्याने मिळत नाही.

तर नाचायला परवानगी कुणाची लागते, याचं उत्तर कोरियात काय आणि आपल्याकडे काय, सारखंच आहे. ज्याला वरच्या माणसाने 'कला' म्हटलं त्याला लागत नाही. बाकीच्यांना लागते. आणि त्यात मुली असतील तर त्यांना सगळ्यात जास्त लागते. माझ्या भाचीच्या फॉर्मवर जे लिहिलं होतं ते याच रांगेतलं आहे.

आता काही जण म्हणतील, म्हणजे तू त्या बँडचा भक्त झालास काय? नाही बुवा. त्या धंद्याबद्दल रागवावं असं भरपूर आहे. पण त्यासाठी माहिती लागते, आणि तिथेच आपण कमी पडतो.

रागवायचं तर यावर रागवा. या बँडमध्ये घ्यायची पोरं कंपन्या शाळकरी वयात उचलतात आणि वर्षानुवर्षं नाच-गाण्याची तालीम देतात. टीव्हीएक्सक्यू नावाचा असाच एक गाजलेला बँड होता. त्यातल्या तिघांनी २००९ मध्ये कंपनीला कोर्टात खेचलं, कारण करार तेरा वर्षांचा होता. तेरा वर्षं! त्यानंतर तिथल्या सरकारी आयोगाने नमुना करार काढून मुदत सात वर्षांवर आणली. बीटीएसचा म्होरक्या आरएम २०२२ च्या जूनमध्ये कॅमेऱ्यासमोर म्हणाला की ही व्यवस्था माणसाला मोठं व्हायला, विचार करायला वेळच देत नाही. आम्ही थोडे थांबतो, असं पोरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी कंपनीचा शेअर सुमारे एक चतुर्थांश कोसळला. सात माणसं दमली म्हणाली आणि बाजाराने त्यांची किंमत कमी केली. 'कुणाला विचारत बसू नका, नाचा' असं गाणाऱ्या पोरांना दमायलाही परवानगी नव्हती.

आणि यावरही रागवा : एका सीडीत कधी कुठला फोटो निघेल ते सांगता येत नाही, म्हणून मुली तीच सीडी पुन्हा पुन्हा मागवतात. साठवलेले खाऊचे पैसे एका कार्डात जातात. हे सगळं मुलींना समजावून सांगता येतं. मी भाचीला सांगितलं. तिने अर्धा तास वाद घातला, मग तेरा वर्षांच्या कराराचं ऐकून गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तिनेच मला शेअर कोसळल्याची गोष्ट शोधून दाखवली. अहो, हे अर्थशास्त्र आहे, नागरिकशास्त्र आहे, आणि पोरगी ते आवडीने शिकतेय. पण आधी तिच्यासोबत गाणं ऐकावं लागतं. न ऐकताच "बंद कर ते" म्हटलं की दार बंद होतं, आणि पोरगी दाराच्या आत एकटीच राहते. मोबाइलसोबत.

इथे ती धाराशिवची बातमी. त्या मुली कोण, त्यांच्या घरी काय, याची चर्चा मी करणार नाही, तुम्हीही करू नका. लहान मुली आहेत, त्यांना जगू द्या. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या दिवसांत त्या निघाल्या, त्या दिवसांत सातांपैकी पाच जण सक्तीच्या सेवेत होते. कोरियाला पोहोचल्या असत्या तरी भेटायला बहुतेक जण हजर नव्हते. मुलींना हे कदाचित माहीतही असेल. आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं? बातमीखाली शेकड्याने हसण्याच्या इमोजी टाकणाऱ्यांपैकी किती जणांनी एक गाणं ऐकलं होतं?

बातमी वाचून आपण हसलो. मग घाबरलो. मग बंदीची भाषा केली. पण आपल्या तालुक्यात तेरा वर्षांच्या मुलीला मनासारखं नाचायला एक तरी जागा आहे का, हा प्रश्न पडला नाही. पोरांना मैदान आहे, गणपतीची मिरवणूक आहे, दहीहंडी आहे, वरात आहे. कुठेही शर्ट काढून नाचतात, परवानगीचा फॉर्म कुणी मागत नाही. मुलींना वर्षातून एक दिवस, गॅदरिंग. त्यातही लाल पेन. मग ती मुलगी पाच हजार किलोमीटरच्या पलीकडे बघत बसली तर नवल काय?

मला शाळेशी भांडायचं नाही. सरांचंही फार चुकलं असं नाही, त्यांच्यावर गावाचा दबाव असतो हे मला कळतं. उद्या कुणी फोटो काढून व्हायरल केला तर निस्तरायचं त्यांनाच. म्हणून मी गावाशी बोलतोय. पालकांनो, पुढच्या गॅदरिंगच्या आधी दोन कामं करा. एक, पोरीने जे गाणं निवडलंय ते पूर्ण ऐका, तिच्या शेजारी बसून. शब्द वाईट असतील तर जरूर नाही म्हणा, पण मुलांच्या दारूच्या गाण्यालाही तोच नियम लावा. दोन, फॉर्म परत आला तर कारण लेखी मागा. 'संस्कृतीत बसत नाही' असं म्हणणाऱ्याला विचारा, कुठलं कडवं? कुठली स्टेप?

आणि हो, आठ जणींचा तो नाच झाला. गॅदरिंगच्या दुसऱ्या रविवारी, आमच्या गच्चीवर. पाण्याच्या टाकीशेजारी मोबाइल ठेवून गाणं लावलं. चार-पाच आया आल्या, दोन आज्या आल्या. समोरच्या घरातला एक मुलगा, त्याला ऐकू येत नाही, तो कठड्याला टेकून बघत होता. नाच संपल्यावर भाचीने त्याला त्या तीन खुणा शिकवल्या. तिसरी त्याला आधीच येत होती, सगळ्यांनाच येते.

माझ्या आईने शेवटी विचारलं, "एवढंच होतं? मग नाही कशाला म्हणाले?"

कुणाकडे उत्तर असेल तर कमेंटमध्ये लिहा. शिवीगाळ केलीत तर डिलीट करीन.